भुलीतले अपघात: बिघडतं कधी आणि लक्षात येतं कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून व्हायची आहे, त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागणार आहे. वर्षभरापूर्वी ओळखीतला एक तरुण माणूस साध्याशा शस्त्रक्रियेत टेबलावरच गेला आणि 'भुलीचा डोस जास्त झाला' एवढंच सगळ्यांच्या कानावर आलं. तेव्हापासून आई शस्त्रक्रियेपेक्षा भुलीलाच जास्त घाबरते आहे. असे अपघात का होतात, रुग्णालयं ते दडपतात का, आणि घरच्यांनी नेमकं काय विचारायचं?

मी २६ वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. तुमच्या ओळखीतल्या माणसाचं काय झालं हे कागद पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही आणि अंदाजही करणार नाही. पण 'डोस जास्त झाला' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की सुरुवात तिथूनच करते.

हे कारण लोकांना पटकन पटतं, कारण भूल म्हणजे झोपेचं मोठं औषध अशी आपली समजूत असते. पण झोपेचं औषध हिशेबापेक्षा थोडं जास्त गेलं म्हणून धडधाकट माणूस सहसा दगावत नाही. रक्तदाब पडतो, जाग यायला वेळ लागतो, आणि या दोन्ही गोष्टी सावरता येतात. माणूस हातचा जातो तो बहुतेक वेळा मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन न पोचल्यामुळे. पूर्ण भुलीत आम्ही शुद्ध घालवतो, वेदना थांबवतो आणि पोटाच्या बहुतेक शस्त्रक्रियांत स्नायू सैल करतो. पोटाचे स्नायू सैल होतात तसे श्वासाचेही होतात. ते औषध शिरेतून गेलं की मिनिट-दोन मिनिटांत रुग्णाला स्वतःहून एकही श्वास घेता येत नाही. तिथून पुढे त्याचा प्रत्येक श्वास माझ्या हातातल्या पिशवीतून किंवा मशीनमधून जातो.

म्हणून झोपवण्याआधी चेहऱ्यावर मास्क धरून तीनेक मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात. आईला तो मास्क गुदमरल्यासारखा वाटेल, तर तिला आधीच सांगून ठेवा की ही शिदोरी आहे. फुप्फुसांत हवेच्या जागी ऑक्सिजन भरून ठेवला की श्वास थांबल्यावरही निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन सात-आठ मिनिटं टिकतो. शिदोरी न बांधता श्वास थांबवला तर मिनिटाभरातच तो घसरू लागतो. फार लठ्ठ माणसाला शिदोरी घेऊनही तीनेक मिनिटंच मिळतात. गरोदर स्त्री आणि तान्हं बाळ यांचंही तसंच, त्यांच्या बाबतीत वेळ फार थोडा असतो.

भुलीतल्या सुरक्षिततेकडे मी या मिनिटांतूनच बघते. काहीतरी बिघडणं आणि ते कुणाच्या तरी लक्षात येणं, या दोन क्षणांमध्ये किती वेळ गेला? चुका सगळीकडे होतात, माझ्याही हातून झाल्या आहेत. जिथे त्या पंधरा सेकंदांत कळतात तिथे रुग्ण संध्याकाळी घरच्यांशी बोलत असतो. जिथे कळायला पाच मिनिटं लागतात तिथली गोष्ट वेगळी होते.

सुरुवातीच्या काळात हे अंतर मोजायला काही साधनच नव्हतं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये ईथरची भूल लोकांसमोर यशस्वी झाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म आला. आणि जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म हुंगवल्यावर काही मिनिटांत गेली. तिच्या हृदयाची लय बिघडली की शुद्धीवर आणायला तोंडात घातलेलं पाणी आणि ब्रँडी श्वासात गेली, यावर आजही मतभेद आहेत. नाडीवर बोट ठेवणं आणि चेहऱ्याकडे बघणं, एवढंच तेव्हाच्या डॉक्टरांच्या हातात होतं. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं यात रक्तदाबाच्या पट्ट्यापलीकडे फारशी भर पडली नाही. ओठ-नखं निळी पडलेली डोळ्यांना दिसतात तोवर रक्तातला ऑक्सिजन बराच खाली गेलेला असतो. सावळ्या कातडीत तर ते आणखी उशिरा दिसतं.

१९५४ साली बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांतल्या सुमारे सहा लाख भुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण १५६० भुलींमागे एका मृत्यूशी भुलीचा संबंध जोडता येत होता. स्नायू सैल करणारं औषध वापरलं होतं तिथे हे प्रमाण कितीतरी जास्त होतं, म्हणून त्या औषधातच काही विष असावं असा संशय त्यांनी घेतला. औषधाचा परिणाम पुरता उतरला नसताना श्वासाला आधार कमी पडत होता, हे पुढे स्पष्ट होत गेलं. 'डोस जास्त झाला' या वाक्यातही मला तेच दिसतं. औषधाला नाव असतं, म्हणून बोट आधी त्याच्याकडे जातं. न मोजलेल्या श्वासाला नाव नसतं.

खरं वळण आलं १९७८ मध्ये. बॉस्टनमधले जेफ्री कूपर हे पेशाने अभियंते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानचालकांच्या चुका अभ्यासायला वापरलेली पद्धत उचलली आणि भूल देणाऱ्यांना समोर बसवून विचारलं: जे होता होता वाचलं ते सांगा. ३५९ घटना जमल्या. टाळता येण्याजोग्या घटनांपैकी ८२ टक्क्यांत मुळाशी माणसाची चूक होती, यंत्र उघडपणे बिघडल्याचं प्रमाण १४ टक्के. श्वासाची नळी सुटून येणं, वायूचा नॉब नकळत फिरणं, एका सिरिंजऐवजी दुसरी उचलली जाणं, अशा अगदी साध्या गोष्टी होत्या त्या. त्यांतून दिसलं ते हे की निष्काळजी माणसं शोधून काढून टाकल्याने काही सुटणार नाही, कारण चुका सांगणारी माणसं चांगलीच होती.

आज बहुतेक ऑपरेशन थिएटरांत बोटाला लागतो तो पल्स ऑक्सिमीटर. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, म्हणजे सॅच्युरेशन, तो टक्क्यांत दाखवतो. त्याचं मूळ तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. या यंत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पडद्यावर दिसतच नाही, ती ऐकू येते. प्रत्येक ठोक्याला ते टिक करतं आणि सॅच्युरेशन उतरू लागलं की त्या टिकटिकीचा सूर खाली येतो. मी औषध भरत असले, फोनवर असले, पाठमोरी असले तरी सूर उतरला की मान वळते. जिथे हा आवाज गाण्यांसाठी किंवा गप्पांसाठी बारीक केलेला असतो तिथे मी पहिल्यांदा जाऊन तो वाढवते. अनेक सर्जन त्यावरून माझ्यावर चिडले आहेत.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या वर्षातली गोष्ट. कानाची लांबलेली शस्त्रक्रिया, रुग्णाचं डोकं पूर्ण झाकलेलं, मी पायाकडच्या बाजूला. मशीनचा दाबाचा अलार्म सकाळपासून उगाच वाजत होता म्हणून मी तो दाबून गप्प करत होते. मदतनीसाने डोकं थोडं वळवलं आणि कापडाखाली नळीचा जोड सुटला. अलार्म पुन्हा वाजला, मी पुन्हा दाबला. पुढच्या मिनिटभरात टिकटिकीचा सूर उतरला तेव्हा मी कापड उचललं. रुग्णाला काही झालं नाही. पण तो दिवस मी विसरलेले नाही, कारण यंत्राने मला वेळेत सांगितलं होतं आणि मीच त्याला गप्प बसवलं होतं. संध्याकाळी विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. अलार्म सकाळपासून उगाच का वाजतोय हे कुणी का बघितलं नाही, एवढंच त्यांनी विचारलं. मशीनमधली एक झडप सदोष निघाली.

दुसरं यंत्र तुमच्या आईसाठी ऑक्सिमीटरइतकंच महत्त्वाचं आहे. ते म्हणजे कॅप्नोग्राफ. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तो मोजतो आणि पडद्यावर प्रत्येक श्वासाची एक टेकडी काढतो. नळी श्वासनलिकेत आहे की चुकून अन्ननलिकेत गेली आहे, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा हाच. नळी अन्ननलिकेत जाणं ही फार मोठी चूक नाही. अवघड घशात ती कुणाचीही जाते, काढायची, मास्कने श्वास द्यायचा आणि पुन्हा घालायची. जीव जातो तो ती तिथेच राहिली तर. छाती हलल्यासारखी दिसते, स्टेथोस्कोपने आवाज ऐकल्यासारखा वाटतो, नळीत बाष्पही धरतं. हे सगळं फसवतं. टेकडी फसवत नाही. पोटातून दोन-चार श्वासांनंतर कार्बन डायऑक्साइड येत नाही आणि रेघ सपाट होते. इथे अनुभवी माणसंही एका जागी घसरतात: 'हृदय थांबलं असेल म्हणून रेघ सपाट आहे' अशी स्वतःची समजूत घालतात. छातीवर दाब देणं चालू असेल तर हृदय थांबलेलं असतानाही बुटकी का होईना, टेकडी दिसते. अगदीच सपाट रेघ म्हणजे नळी चुकीच्या जागी, असं धरून चालायचं. २०११ साली ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांचा देशभरचा अभ्यास झाला. अतिदक्षता विभागात ज्या घटना मृत्यूत किंवा मेंदूच्या कायमच्या इजेत संपल्या, त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश घटनांना कॅप्नोग्राफ न वापरणं हातभार लावून गेलं होतं. यंत्र नसणं किंवा असून न लावणं याला आज मी सबब मानत नाही.

औषधांच्या चुकांकडे येते. न्यूझीलंडमधल्या २००१ च्या एका अभ्यासात १३३ भुलींमागे एकदा औषधाच्या बाबतीत चूक झाली होती किंवा होता होता राहिली होती. बहुतेकांत रुग्णाला काहीच झालं नाही. एका भुलीत आठ-दहा सिरिंजा तयार असतात, बहुतेकांत पाण्यासारखा दिसणारा द्रव. म्हणून त्यांना रंगीत लेबलं लावतात: स्नायू सैल करणाऱ्यांना लाल, अफूवर्गीय वेदनाशामकांना निळं, झोपवणाऱ्यांना पिवळं, रक्तदाब वाढवणाऱ्यांना जांभळं. तरी अॅम्प्युल, म्हणजे औषधाची बंद काचेची कुपी, फोडतानाची चूक लेबल पकडू शकत नाही.

सिझेरियनची एक रुग्ण होती. पाठीतून भूल द्यायची म्हणून मी हात धुऊन बसले आणि सिस्टरने अॅम्प्युल फोडून पुढे धरली. मी सुई लावणार तोच दुसरी सिस्टर, कामाला लागून पंधरा दिवस झालेली, म्हणाली, "मॅडम, लेबल एकदा वाचून दाखवता का?" मी वाचलं. ते ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड होतं, रक्तस्राव कमी करायला शिरेतून देतात ते. दोन्ही अॅम्प्युल साधारण एकाच आकाराच्या आणि एकाच ट्रेमध्ये. ते पाठीत गेलं तर तीव्र झटके येतात, हृदयाची लय कोलमडते आणि जवळपास निम्मे रुग्ण दगावतात. अशा घटना जगभर घडल्यामुळे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याबद्दल सावधानतेचा इशारा दिला. आम्ही दुसऱ्याच दिवशी ते औषध पाठीच्या भुलीच्या ट्रॉलीवरून काढून वेगळ्या खणात ठेवलं. मी त्या सिस्टरचे आभार सगळ्यांसमोर मानले. चारचौघांत मानले नसते तर पुढच्या वेळी ती गप्प राहिली असती. पाठीच्या सुईला शिरेची सिरिंज बसूच नये असे वेगळे जोड आता मिळतात. ते सगळीकडे यायला हवेत, कारण दमलेल्या माणसाला रात्री तीन वाजता 'लक्ष द्या' सांगून भागत नाही.

बोलण्याचा विषय निघाला म्हणून एलेन ब्रॉमिली यांच्याबद्दल लिहिते. त्यांच्या पतींनी ही हकिकत स्वतः जगापुढे मांडली आहे. ३७ वर्षांची, दोन मुलांची आई. मार्च २००५ मध्ये इंग्लंडात सायनसच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली आणि श्वासमार्ग मिळेना. सॅच्युरेशन ४० टक्क्यांपर्यंत आलं. दोन भूलतज्ज्ञ आणि एक कान-नाक-घसा सर्जन, तिघेही अनुभवी, नळी घालण्याचे प्रयत्न करत राहिले आणि वीसेक मिनिटं त्यातच गेली. नळी जात नाही आणि मास्कनेही ऑक्सिजन पोचत नाही अशा वेळी गळ्याला समोरून छेद देऊन श्वासमार्ग उघडायचा, हे तिघांनाही माहीत होतं. एका नर्सने ट्रॅकिओस्टॉमीचा सेट आणून 'तयार आहे' म्हणून सांगितलंही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यांवरचे भाव पाहून ती रद्द केली. १३ दिवसांनी एलेन गेल्या. पती मार्टिन विमानाचे पायलट होते. प्रत्येक विमान अपघाताची चौकशी होते तशी इथेही होईल असं ते धरून चालले होते. तशी पद्धतच नव्हती, तर त्यांनी ती मागून घेतली, आणि पुढे वैद्यकातल्या मानवी चुकांवर काम करणारा गट उभा केला. कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याऐवजी त्या खोलीत शहाणी माणसं का अडकली, हे त्यांनी विचारलं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचं वागणं त्या प्रश्नाने बदललं आहे.

अशा क्षणी वेळ जातोय हेच कळत नाही. मन एका गोष्टीला चिकटतं, 'अजून एकदा, आता जाईल' असं वाटत राहतं. म्हणून आता मी अवघड घसा दिसला की सुरू करण्याआधीच मोठ्याने सांगते: पहिला मार्ग हा, तो फसला तर हा, मग हा, आणि शेवटी गळ्यातून. नळीचे तीन प्रयत्न झाले की सिस्टरने मला थांबवायचं. तेव्हा मी चिडले तरी थांबवायचं. हे आधी ठरलेलं असलं की ज्युनिअर माणसाला धैर्य गोळा करावं लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची शस्त्रक्रियेची तपासणी यादी याच कारणासाठी आहे. भुलीआधी, छेदाआधी आणि रुग्ण बाहेर जाण्याआधी असे तीन थांबे, एकूण १९ बाबी. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. पण मी असेही कागद पाहिले आहेत ज्यांवर शस्त्रक्रिया संपल्यावर बसून सगळ्या खुणा केल्या होत्या. त्या खुणांचा काडीइतका उपयोग नाही. यादी मोठ्याने वाचताना सगळे हात थांबतात आणि प्रत्येकाचा आवाज एकदा ऐकू येतो, फायदा तिथे आहे.

खरोखर औषधामुळेच होणारे अपघातही असतात. शस्त्रक्रियेदरम्यान तीव्र अॅलर्जी साधारण दहा हजारांत एकाला होते, आणि ब्रिटनच्या २०१८ च्या अभ्यासात भुलीच्या औषधांपेक्षा अँटिबायोटिकच त्याला जास्त वेळा कारण होतं. उपाय अॅड्रेनलिन, आणि तेही लवकर. दुसरा प्रकार घराण्यात चालणारा: काही माणसांत भुलीच्या वायूंनी किंवा एका स्नायू-शिथिलकाने स्नायू पेटल्यासारखे होतात, ताप झपाट्याने चढतो. १९६० मध्ये मेलबर्नमध्ये पाय मोडलेला एक तरुण डॉक्टरांना सांगू लागला की पायापेक्षा मला भुलीची भीती वाटते, माझे दहा नातेवाईक ईथरने गेले आहेत. डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही आणि त्यातून हा आजार जगाला कळला. डँट्रोलीन हे औषध आल्यापासून पूर्वी दहातले सात-आठ दगावत ते प्रमाण अगदी थोड्यावर आलं आहे. भुलीत जाग राहण्याची भीती आईलाही असेल. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत अशी तक्रार साधारण १९ हजारांत एकाची निघाली. सिझेरियनमध्ये ती खूप जास्त आढळली, आईच्या शस्त्रक्रियेत तसा धोका नाही.

आता दडपण्याबद्दल. होय, दडपलं जातं. सगळीकडे नाही, पण जातं, आणि मी ते जवळून पाहिलं आहे. कारणं तीन: खटल्याची भीती, रुग्णालयाच्या नावाची भीती, आणि तिसरं लोकांना सहसा माहीत नसतं, ते म्हणजे लाज. टेबलावर रुग्ण गेला की भूल देणारा माणूस आतून मोडतो, आणि तरी त्याला तासाभरात पुढच्या रुग्णाला भूल द्यायला पाठवलं जातं. मी विभागप्रमुख झाल्यावर हे बंद केलं. अशा प्रसंगानंतर त्या दिवशी तो डॉक्टर पुढची भूल देत नाही, आणि नातेवाइकांशी बोलायला त्याला एकट्याला पाठवत नाही.

चांगल्या रुग्णालयात अशी घटना झाली की मशीन, वापरलेल्या अॅम्प्युल आणि सिरिंजा जशाच्या तशा बाजूला ठेवतात, मॉनिटरमधली नोंद छापून घेतात, प्रत्येकजण आठवेल ते वेगवेगळं लिहून काढतो. नातेवाइकांना त्याच दिवशी एक ज्येष्ठ डॉक्टर भेटतो, माहीत आहे ते सांगतो, माहीत नाही ते 'अजून माहीत नाही' म्हणून सांगतो आणि पुन्हा केव्हा भेटणार ती वेळ देतो. तुमच्या ओळखीच्या घरच्यांना अजूनही हे विचारता येईल: भुलीचा तक्ता, मॉनिटरची नोंद, शवविच्छेदनाचा अहवाल, आणि समोरासमोर एक बैठक. भुलीच्या तक्त्यावर दर पाच मिनिटांची नाडी, रक्तदाब आणि सॅच्युरेशन असतं. तिथे काय केव्हा बिघडलं आणि उपाय केव्हा सुरू झाला हे एखादा दुसरा भूलतज्ज्ञ त्यांना वाचून सांगू शकेल. 'डोस' या एका शब्दापेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळेल.

मात्र कागद वाचताना एक भान ठेवायला सांगा. १९४७ साली इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डला एकाच दिवशी पाठीतून भूल दिलेल्या दोघांचे पाय कायमचे लुळे पडले. न दिसणाऱ्या तड्यांतून अॅम्प्युलमध्ये फिनॉल हे जंतुनाशक शिरलं असं १९५४ मध्ये न्यायालयात धरलं गेलं, आणि १९४७ च्या घटनेकडे १९५४ च्या चष्म्यातून पाहू नये असं न्यायमूर्ती डेनिंग म्हणाले. पुढे कारण वेगळं, निर्जंतुक करण्याच्या भांड्यातलं आम्ल असावं असंही मांडलं गेलं. शेवट ठाऊक असला की आधीची प्रत्येक पायरी चुकीची वाटू लागते.

आईबद्दल. भूल देणाऱ्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या आधी, दाराबाहेर नव्हे, बसून भेटा. पहिलं त्यांना सांगा: आईला किंवा रक्ताच्या कुणाला कधी भुलीचा त्रास झाला होता का, जिना चढताना दम लागतो का, रात्री घोरताना श्वास मध्येच अडकतो का, आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येतं का, कुठला दात हलतो का. सगळी औषधं पिशवीतून घेऊन जा, नावं पाठ सांगू नका. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची काही नवी औषधं आणि वजन कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं यांचा आवर्जून उल्लेख करा. त्या इंजेक्शनांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. उपाशी राहण्याबाबत खोटं बोलू नका. सहसा घन अन्न सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद करतात, तुमचे डॉक्टर सांगतील ते पाळा. चुकून काही खाल्लं गेलं तर सांगा. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल, एवढंच होईल. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं, आणि सांगायला घाबरलेल्या रुग्णांत मी ते दोनदा पाहिलं आहे.

मग तुम्ही विचारा. भूल कोण देणार, आणि ते शेवटपर्यंत खोलीतच असणार का? कॅप्नोग्राफ आहे का? शस्त्रक्रियेनंतर ठेवतात त्या रिकव्हरीच्या खोलीत कोण लक्ष ठेवतं आणि किती वेळ? चांगला भूलतज्ज्ञ या प्रश्नांनी दुखावत नाही. मला कुणी विचारलं तर बरं वाटतं, कारण समोरचा माणूस ऐकून घेणारा आहे हे कळतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरताना कधीकधी हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. पहिला उपाय वायू सोडून देणं हाच असतो, आणि तो करायला सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकमेकांशी बोलणारे हवेत. म्हणून हे दोघे नेहमी एकत्र काम करतात का, हेही विचारायला हरकत नाही. 'धोका किती' याला ब्रिटनमधल्या २०२३ च्या अभ्यासाचा आकडा सांगते: साधारण तीन हजार भुलींमागे एकदा हृदय थांबलं. यात अत्यवस्थ, तातडीचे, म्हातारे, नवजात सगळे आले, आणि त्यांतले बहुतेक त्या वेळी वाचले. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला येणाऱ्या, प्रकृती बरी असलेल्या माणसाचा धोका याहून बराच कमी असतो.

आणि पहिली रात्र. बाहेर आणलं म्हणजे भूल संपली असं घरच्यांना वाटतं. वेदना थांबवणारी औषधं तेव्हाही श्वास मंद करत असतात, विशेषतः घोरणाऱ्यांचा. आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून ठेवता येईल का विचारा. रात्री घोरण्याचा आवाज मध्येच थांबला, हाक मारल्यावर ती नीट डोळे उघडत नाही, श्वास फार सावकाश चाललाय असं वाटलं, तर 'दमली असेल, झोपू दे' असं म्हणू नका. हलवून जागं करा, मोठा श्वास घ्यायला सांगा आणि लगेच सिस्टरना बोलवा. बेल वाजवून कुणी आलं नाही तर घरच्या एकाला आईजवळ ठेवा आणि तुम्ही स्वतः जाऊन त्यांना घेऊन या.